[मंडळ-चर्चा] मिनीव्हॅनमधला कुबट वास: पाणी येतंय कुठून?

सोमवार, सकाळी ८:१० | रेडमंड (सिएटलजवळ, अमेरिका)

नमस्कार मंडळी,

२०१६ ची मिनीव्हॅन, सनरूफवाली. दोन आठवड्यांपासून आत कुबट वास येतो, पाऊस झाला की जास्त. सकाळी काचा आतून धुरकट असतात. केबिन फिल्टर बदलला, एसीत फवारा मारला, तीन दिवस बरं वाटलं आणि वास परत हजर. गणपतीच्या महाप्रसादाच्या वेळी तिसऱ्या रांगेजवळ ताकाचं पातेलं हिंदकळलं होतं, तेव्हा तोही संशय आहे. सुरुवात कुठून करू?


सोमवार, दुपारी १२:४० | केंट

आधी वास कोणता ते ठरवा, दहा मिनिटांचं काम आहे. गाडी रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी पंखा लावायच्या आधी दार उघडून हुंगा. तेव्हाच वास आला तर ओल गालिच्यात किंवा मागच्या खळग्यांत आहे. बंद गाडीत काही नाही, पण एसी किंवा डीफ्रॉस्ट लावल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात भपकारा येऊन विरतो, तर बुरशी इव्हॅपोरेटरवर (एसीचा हवा गार करणारा भाग) आहे. नासलेल्या दुधासारखा आंबट असेल तर ताक. गोडसर असेल आणि समोरच्या काचेवर पुसूनही तेलकट थर येत असेल, तर हीटर कोअरमधून (हीटरचा छोटा रेडिएटर) कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, गळतंय. ते सरळ गॅरेजचं काम.

काचा आतून धुरकट होतात म्हणजे पाणी आत साठलंय, हे मी जवळजवळ धरूनच चालतो. फिल्टरने ते जाणार नाही.

रबरी मॅट सगळ्या काढा. चिखलाला त्या उत्तम, पण खालची ओल महिनोन्‌महिने झाकून ठेवतात. वरून हात फिरवून काही कळत नाही: गालिचा कोरडा लागतो आणि त्याखालचा इंचभर जाडीचा फोम मात्र स्पंजासारखा भरलेला असतो. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिकची पट्टी क्लिपांवर बसलेली असते, सरळ वर ओढली की निघते. मग गालिच्याची कड उचला आणि कोरडा टिश्यू पेपर फोमवर तळहाताने दहा सेकंद दाबून धरा. चारही दारांपाशी हे करा, आणि तिसरी रांग ज्या खळग्यात दुमडते त्याच्या तळाशीही.

कोपरा सापडला की निम्मं काम झालं. पुढे प्रवाशाच्या पायाशी ओल, आणि तीही पाऊस नसताना एसी चालवल्यावर, तर एसीची निचरानळी तुंबली आहे. दमट दिवशी एसी पंधरा-वीस मिनिटं चालला की गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसायलाच हवं. पावसानंतर पुढे ओल, तर सनरूफची पुढची नळी किंवा काचेखालचा काऊल (वायपरखालची जाळीची जागा). मागे ओल असेल तर सनरूफच्या मागच्या नळ्या, मागच्या दिव्यांची गॅस्केटं आणि मागच्या दाराची रबरपट्टी, याच क्रमाने. फक्त एका दाराच्या उंबऱ्यालगत ओल असेल तर दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा चिकटपट्टीपासून सुटलाय. काचेवरून दारात उतरणारं पाणी खालच्या भोकांतून बाहेर जाण्याऐवजी आत येतं.

तुमच्याकडे सनरूफ आहे आणि आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर डग्लस फरची झाडं आहेत, म्हणून मी नळ्यांपासून सुरू करीन. छत उघडलं की चौकटीभोवती पन्हळ दिसते, तिच्या कोपऱ्यांत भोकं असतात. सनरूफला पाणी अडवायचंच नसतं. ते पन्हळीत घेऊन नळ्यांतून खाली सोडायचं, अशीच रचना असते. एकेका भोकात कपभर पाणी बाटलीने हळू ओता. पुढच्या नळीचं पाणी पुढच्या चाकाच्या आसपास आणि मागच्या नळीचं मागच्या चाकापाशी गाडीखाली पडायला हवं. पन्हळीत तुंबून राहिलं तर नळी बुजली आहे. भोकातून गेलं पण बाहेर आलंच नाही, तर नळी आत कुठेतरी निसटली आहे आणि छताचं अस्तर उतरवावं लागेल.

बुजलेल्या नळीसाठी गवत कापायच्या ट्रिमरची नायलॉनची दोरी घ्या, २ मिमी जाडीची. टोक लायटरने गोल करा आणि हलकेच फिरवत आत सरकवा. तार नको, नळीला भोक पडतं. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. अस्तरामागे नळी नुसती खोचलेली असते, दाबाने ती सुटते आणि साधी तुंबलेली नळी अस्तर उतरवण्याच्या कामावर जाते. बऱ्याच गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला फट असलेली रबरी टोपी असते. गाळ तिथेच अडतो, दोन बोटांनी चिमटून काढा. जाता जाता वायपरखालच्या जाळीतल्या फरच्या सुयाही (सुईसारखी पानं) उपसा.

एवढं करूनही जागा सापडली नाही तर पाईपची चाचणी. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बागेचा पाईप नोझल न लावता धरायचा. खालून वर जायचं: दाराचा खालचा भाग, काच, मग छप्पर, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून ओघळतं आणि फट ओळखू येत नाही. प्रेशर वॉशर वापरू नका, तो धडधाकट रबरातूनही पाणी आत घुसवतो.


सोमवार, सायंकाळी ७:०५ | बेलव्यू

एवढं उकलण्यापेक्षा वास घालवणारं ओझोन मशीन भाड्याने आणून तासभर लावलं तर?


सोमवार, रात्री ९:३० | बोथेल

बेलव्यूच्या दादा, ओझोन शेवटी, आणि तोही गाडी पूर्ण वाळल्यावर. फोम ओला असताना लावलात तर हवेतला वास जातो, बुरशी तिथेच राहते आणि पुढच्या पावसात परत वास देते. शिवाय ओझोन फुप्फुसांना घातक आहे. मशीन चालू असताना गाडीत माणूस किंवा पाळीव प्राणी नको, नंतर दारं उघडी टाकून चांगला तासभर वारा द्या. पुन्हा पुन्हा लावलं तर रबर कडक होऊन चिरतं, म्हणजे पाणी अडवणारी पट्टीच आपण खराब करतो.

ताकाचं सांगते. वरून पुसलेलं ताक फोममध्ये उतरलेलं असतं, त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश जिवाणूंना आयतं खाद्य. गरम पाणी टाकू नका, प्रथिनं घट्ट बसतात. आधी कोमट पाण्याने भिजवून वेट व्हॅक्यूमने ओढून घ्या. मग पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळतो तो एन्झाइम क्लीनर, जितकं सांडलं तितका. अर्धा लिटर सांडलं असेल तर चार फवारे पुरत नाहीत, द्रव ताकाइतकाच खोल पोचायला हवा. वर प्लास्टिक अंथरून रात्रभर ठेवा, कारण एन्झाइम ओलं असेपर्यंतच काम करतं. सकाळी परत ओढून घ्या. खाण्याचा सोडा पूर्ण वाळल्यावरच पसरा. ओल्यावर टाकला तर त्याची खळ होते आणि ती निघता निघत नाही.

एन्झाइम क्लीनरच्या आधी ब्लीच वापरू नका, एन्झाइम निकामी होतं. आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र कधीच नको: क्लोरीन वायू तयार होतो, बंद गाडीत तो जीवघेणा ठरू शकतो. प्लास्टिकवरच्या बुरशीला निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी पुरतं.


शनिवार, दुपारी ३:२० | रेडमंड

सापडलं. पुढे उजवीकडे, प्रवाशाच्या पायाशी फोम निथळतोय. सनरूफच्या त्याच बाजूच्या भोकात पाणी तुंबत होतं. दोरी साधारण वीतभर जाऊन अडली, फिरवल्यावर काळा गाळ आणि सुया बाहेर आल्या, आता कपभर पाणी सरळ गाडीखाली पडतं. मागच्या खळग्यात वास आंबट आहे, तिथे ताईंनी सांगितलेलं करतोय. पुढचा फोम वाळवू कसा? दारं उघडून ड्राइव्हवेत ठेवली तर?


शनिवार, सायंकाळी ५:४५ | केंट

नोव्हेंबरात ड्राइव्हवेत काहीही वाळणार नाही, बाहेरची हवाच ओलीचिंब असते. गॅरेजात घ्या.

पुढची सीट काढावी लागेल. सीट आधी मागेपुढे सरकवत चारही बोल्ट काढून घ्या, कारण बॅटरी सोडवल्यावर विजेची सीट सरकणार नाही. मग बॅटरीची ऋण तार सोडवून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, निदान तीन मिनिटं. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, तेवढा वेळ थांबल्याशिवाय ते सुटे करू नका. जपानी गाड्यांत सीटच्या बोल्टला बहुधा १४ मिमीचा सॉकेट लागतो. सीट बाहेर असताना इग्निशन चालू करू नका, एअरबॅगचा दिवा लागून बसतो. हायब्रिडवाल्यांनी नारिंगी वायरींना हात लावू नये आणि सीटजवळच्या बॅटरीच्या हवेच्या जाळीत पाणी जाऊ देऊ नये.

वेट व्हॅक्यूमचं तोंड फोमवर जोर देऊन दाबा, पाणी यायचं थांबेपर्यंत. मग गालिच्याखाली लाकडाचे ठोकळे सारून तो वर उचला, खालच्या पोकळीत छोटा पंखा वारा घालेल असा ठेवा आणि गाडीतच डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून डब्यात साठवणारं यंत्र) लावा. वायर काचेच्या फटीतून घ्या, फट टॉवेलने बुजवा. दोन-तीन दिवस लागतात, डबा रोज रिकामा करा. ओल २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी धरते, आणि तुमच्याकडे दोन आठवडे झालेत. वाळल्यावरही फोमला वास असेल तर तेवढा तुकडा कापून नवा बसवा. बुरशी खोल गेलेला फोम धुऊन सुधारत नाही.

वाळला का, हे असं बघा: डीह्युमिडिफायर बंद करून काचा लावा, एक आर्द्रतामापक आत आणि एक गॅरेजात ठेवा. सकाळी आतला आकडा बाहेरच्यापेक्षा बराच वर असेल तर पाणी अजून आहे.

कॅल्शियम क्लोराइडचे डबे गाडीत ठेवू नका. वळणावर एक कलंडला की ते खारं पाणी गालिच्यात जातं, हवेतली ओल ओढत कायम ओलं राहतं आणि खालचा पत्रा गंजवतं. सिलिका जेलच्या पिशव्या चालतील.

बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याचा जोर) आवळा, आणि बॅटरी जोडायच्या आधी पिवळे कनेक्टर टिक आवाज होईपर्यंत बसलेत का ते बघा. फेब्रुवारीत कपभर पाणी पुन्हा ओतून बघा, तोवर झाडांनी नवा पाला टाकलेला असेल.