मदत हवी आहे: अटारीचा गेम दिसतो पण सुरूच होत नाही

मुक्ता_२२: लॅपटॉपवर अटारी या जुन्या टीव्ही-गेमच्या यंत्रावरचा कंबॅट हा गेम टाकलाय. रणगाडे दिसतात, बाण दाबले तर ढिम्म. वर रंग आपोआप बदलत राहतात. फाइल तीनदा उतरवून झाली. उद्या मामेभाऊ येतोय न्यू जर्सीहून, लहानपणी त्याच्याकडे हेच होतं. लवकर सांगा. 'गूगल कर' नको, केलंय.

जुना_खेळाडू: कुठली अटारी? एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) कुठला?

मुक्ता_२२: अटारी म्हणजे अटारी! पुढे लाकडी पट्टीवाली.

रात्रपाळी: म्हणजे १९७७ ची, २६००. रंगांचा घोळ पाल-एनटीएससी या दोन टीव्ही पद्धतींचा. अमेरिकन टीव्हीला (एनटीएससी) २६२ रेघा, पालला ३१२. सेटिंगमध्ये पाल करा, सुटेल.

जुना_खेळाडू: काहीही हं. त्याने रंग वेगळे दिसतील, बदलत कसे राहतील? कोणी खेळत नसलं की रंग मुद्दाम फिरवतात, टीव्हीच्या काचेवर चित्राचा डाग बसू नये म्हणून. फाइल ठणठणीत आहे. मुक्ता, एम्युलेटर??

बंड्या_बारामती: आम्ही कॅसेट काढून फुंकर मारायचो, लगेच चालू. ९९९९ गेम लिहिलेले, खरे निघायचे दहा.

रात्रपाळी: अहो, ती निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल. अटारीचा काय संबंध?

मुक्ता_२२: एम्युलेटर स्टेला आहे. फुंकर कुठे मारू, यूएसबीत?

चकणा_चिवडा: स्टेला काढा, रेट्रोआर्क टाका, एकात अनेक एम्युलेटर. डोक्याला ताप नाही.

जुना_खेळाडू: त्यातही अटारीला स्टेलाचाच कोअर (आतलं इंजिन) घेतात लोक. ताप तोच, वर मेनू जास्त.

सुमेधकाका: पॅडलचे (गोल फिरवायच्या बटणाचे) गेम माउसने छान खेळता येतात बरं का.

जुना_खेळाडू: मुक्ता, रीसेट दाबलंत का? जॉयस्टिकवर एकच बटण, ते गोळीचं. गेम सुरू करायला यंत्रावरचा रीसेटचा खटका ओढायचा. स्टेलात तो एफ-२. एफ-१ म्हणजे सिलेक्ट, कंबॅटचे २७ प्रकार त्याने बदलतात.

मुक्ता_२२: एफ-२ दाबलं की स्क्रीन अंधारते.

जुना_खेळाडू: लॅपटॉप!! एफएन (Fn) कळ धरून एफ-२ दाबा.

मुक्ता_२२: चाललंऽऽ! माझा रणगाडा पळतोय. पण समोरचा जागचा हलत नाही, नुसता मार खातोय. परत बिघडलं का?

जुना_खेळाडू: तो मामेभावाचा आहे. कंबॅटमध्ये समोरून संगणक खेळतच नाही, दोन माणसंच लागतात. अख्खा गेम २ केबीचा आहे हो. त्याला वाय पुढे जायला, जी-जे वळायला, एफ गोळीला. एक डाव २ मिनिटं १६ सेकंद.

मुक्ता_२२: दोघं एकाच कीबोर्डवर? तो सहा फुटी आहे. असो, थँक्यू!

रात्रपाळी: तरी एकदा पाल करून बघा.

बंड्या_बारामती: स्टेलात आमच्या त्या कॅसेटवरचा कॉन्ट्रा चालेल का?