अँसिबलने अंतर्गत रूट बदलतोय: फाइल नवी पोचली, सेवा मात्र जुनंच सर्टिफिकेट दाखवतात

प्रश्न : रात्रपाळी_ऑप्स

आमच्या अंतर्गत सीएच्या (सर्टिफिकेट देणारी आमचीच यंत्रणा) रूटची, म्हणजे सगळा विश्वास ज्यावर टेकतो त्या मूळ सर्टिफिकेटची, मुदत संपत आली आहे, नवा रूट तयार आहे. सर्व्हर दीडशेच्या आसपास. बहुतेक उबुंटू २२.०४, काही रॉकी ९, थोडे विंडोज सर्व्हर २०१९. सगळा कारभार अँसिबलवर (अनेक सर्व्हरवर एकदम बदल करणारं साधन). चाचणीच्या गटावर प्लेबुक (अँसिबलची कामांची यादी) एकही लाल ओळ न येता पूर्ण झालं, तरी पुढच्या गोष्टी अडल्या आहेत.

उबुंटूवर नवा रूट /यूएसआर/लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्स मध्ये ठेवून अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स चालवलं, तर काही मशिनवर "० अ‍ॅडेड" येतं. जिथे रूट नीट बसला तिथे कर्ल (आज्ञेतून वेब-विनंती करणारं साधन) चालतं, पण त्याच मशिनवरच्या जावा सेवा आणि पायथनच्या स्क्रिप्ट ओळख पटत नाही म्हणून कनेक्शन तोडतात. दोन एनजिनएक्स वेब सर्व्हर अजून जुनंच सर्टिफिकेट देतात. डिस्कवर नवी फाइल आहे आणि प्लेबुक पुन्हा चालवलं की टास्क "ओके" दाखवतो. विंडोजवर पीएफएक्स (सर्टिफिकेट आणि खासगी की एकत्र असलेली फाइल) आयात करताना "नेटवर्क पासवर्ड बरोबर नाही" अशी एरर येते. पासवर्ड हाताने तपासला, तो बरोबर आहे.

शिवाय, जुना रूट नेमका कधी काढावा?

उत्तर : कळसूत्र

आधी "० अ‍ॅडेड". फाइलचं नाव .पेम ने संपत असणार. डेबियन घराण्यातली ही आज्ञा त्या फोल्डरमधल्या फक्त .सीआरटी ने संपणाऱ्या फाइल उचलते, बाकीच्यांकडे एरर न देता दुर्लक्ष करते. आतला मजकूर मात्र पेम या अक्षरी स्वरूपातलाच हवा. डीईआर या बायनरी स्वरूपातल्या फाइलचं नुसतं नाव बदलून भागत नाही. एका फाइलमध्ये एकच सर्टिफिकेट ठेवा. रूट आणि इंटरमीडिएट (रूट व सर्व्हर यांच्यामधलं सर्टिफिकेट) एकत्र चिकटवलेत तर एकत्रित बंडलमध्ये दोन्ही जातात, पण फोल्डरसाठी दुवे बनवणारा रीहॅश "एकच सर्टिफिकेट नाही" असा इशारा देऊन त्या फाइलचा हॅश-दुवा टाळतो. मग बंडल वाचणारा प्रोग्रॅम चालतो आणि फोल्डर वाचणारा अडतो. असा दोष शोधताना माणूस थकून जातो.

रॉकीवर जागा वेगळी: /ईटीसी/पीकेआय/सीए-ट्रस्ट/सोर्स/अँकर्स, आणि आज्ञा अपडेट-सीए-ट्रस्ट. तिथे .पेम चालतं. दोन्ही घराण्यांसाठी नाव .सीआरटी च ठेवा, म्हणजे रोलमध्ये (टास्कच्या पुन्हा वापरता येणाऱ्या संचात) फक्त फोल्डर आणि आज्ञा बदलावी लागते.

आता जावा. लिनक्स वितरणाच्या पॅकेजमधून आलेला ओपनजेडीके (जावाचा संच) सिस्टिमचाच विश्वासू सर्टिफिकेटांचा साठा वापरतो. रॉकीवर त्याची सीएसर्ट्स फाइल हा सिस्टिमच्या साठ्याकडे जाणारा दुवा असतो, आणि उबुंटूवर सीए-सर्टिफिकेट्स-जावा पॅकेजचा हुक ती फाइल अद्ययावत करतो. पण टारबॉल उलगडून ऑप्टमध्ये ठेवलेला जेडीके स्वतःची लिब/सिक्युरिटी/सीएसर्ट्स घेऊन येतो, त्याला सिस्टिममधल्या बदलाचा पत्ता नसतो. कम्युनिटी.जनरल मधल्या जावा_सर्ट मॉड्यूलने त्यात रूट घालता येतो (मूळ पासवर्ड "चेंजइट"), पण जेडीकेची नवी आवृत्ती उलगडली की ते गेलं. त्यापेक्षा ती फाइल काढून सिस्टिमच्या साठ्याकडे दुवा करणं टिकाऊ. यातलं काहीही केलंत तरी सेवा रीस्टार्ट करा, जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) हा साठा सहसा सुरू होताना एकदाच वाचतं.

पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी सर्टिफाय पॅकेजमधली यादी वापरते, आणि ती प्रत्येक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये वेगळी असते. तिला हात लावू नका. रिक्वेस्ट्स_सीए_बंडल हा व्हेरिएबल सिस्टिमच्या बंडलकडे वळवा. उबुंटूवर ते /ईटीसी/एसएसएल/सर्ट्स/सीए-सर्टिफिकेट्स.सीआरटी, रॉकीवर /ईटीसी/पीकेआय/टीएलएस/सर्ट्स/सीए-बंडल.सीआरटी. अनेक जण हा व्हेरिएबल /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट मध्ये लिहितात आणि मग सेवेला तो का दिसत नाही म्हणून डोकं धरून बसतात. ती फाइल लॉगिनच्या वेळी पॅम (लॉगिन तपासणारी यंत्रणा) वाचतं, सिस्टिमडीच्या (सेवा चालू-बंद करणारी यंत्रणा) सेवा वाचत नाहीत. सेवेच्या ड्रॉप-इन (मूळ मांडणीत भर घालणाऱ्या) फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंट= ही ओळ घाला. नोड.जेएससाठी नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स, तोही प्रोसेस सुरू होतानाच वाचला जातो. कंटेनरला यजमान मशिनचा साठा दिसतच नाही. इमेजमध्ये घाला किंवा बंडल फक्त-वाचन माउंट करा.

उत्तर : टीएलएस_तपासनीस

एनजिनएक्सचं कारण जवळजवळ नक्की हँडलर, म्हणजे टास्कने काही बदललं तरच चालणारं काम. टास्कने फाइल बदलली, "चेंज्ड" झालं, रीलोडचा हँडलर रांगेत लागला. हँडलर टास्कच्या गटाच्या शेवटी चालतात. मध्येच त्या मशिनवर दुसरा एखादा टास्क पडला की त्या मशिनचे हँडलर टाकून दिले जातात. तुम्ही दोष दुरुस्त करून प्लेबुक पुन्हा चालवता, फाइल आता जशी हवी तशीच आहे, टास्क "ओके", हँडलरला कोणी बोलावलंच नाही. एनजिनएक्स मेमरीतलं जुनं सर्टिफिकेट देत राहतं आणि ते संपेल त्या दिवशी कळतं. फाइल टाकल्यानंतर लगेच मेटा: फ्लश_हँडलर्स लावा, आणि प्लेला फोर्स_हँडलर्स: ट्रू द्या. रीलोडच्या आधी एनजिनएक्स -टी (मांडणी तपासणारी आज्ञा) ठेवा.

पण एवढ्यावर थांबू नका. अँसिबलचं "ओके" डिस्कबद्दल असतं, ग्राहकाला काय मिळतं याबद्दल नाही. प्लेबुकच्या शेवटी कम्युनिटी.क्रिप्टो मधलं गेट_सर्टिफिकेट मॉड्यूल प्रत्यक्ष पोर्टवर पाठवा. सर्व्हर_नेम द्यायला विसरू नका, नाहीतर एका आयपीवर अनेक साइट असल्या की भलतंच सर्टिफिकेट हाती येतं. मिळालेला सिरियल_नंबर डिस्कवरच्या फाइलच्या एक्स५०९_सर्टिफिकेट_इन्फो मधल्या क्रमांकाशी असर्टने जुळवा. जुळला नाही तर प्ले पडलाच पाहिजे. हे दोन टास्क मी प्रत्येक सर्टिफिकेट-रोलमध्ये सक्तीचे मानतो.

साखळीची फाइल जोडताना आधी सर्व्हरचं सर्टिफिकेट, मग इंटरमीडिएट. रूट पाठवायची गरज नाही. क्रम उलटा झाला तर "की व्हॅल्यूज मिसमॅच" येतं. पहिल्या फाइलच्या शेवटी नवी ओळ नसेल तर एंड आणि बिगिन एकाच ओळीत चिकटतात आणि सगळी फाइल अवाचनीय होते. टेम्प्लेटने जोडणाऱ्यांचं हमखास दुखणं.

खासगी कीच्या टास्कवर नो_लॉग: ट्रू आणि डिफ: फॉल्स हवंच. नाहीतर --डिफ लावून कोणी प्लेबुक चालवलं की की सरळ लॉगमध्ये उतरते. ओपनएसएसएल_प्रायव्हेटकी चं रीजनरेट हे पॅरामीटर मूळ स्थितीत फुल_आयडेम्पोटन्स असतं, म्हणजे कोणी व्हेरिएबलमध्ये २०४८ चं ४०९६ केलं की जुनी की बदलून नवी तयार होते आणि जुनं सर्टिफिकेट तिच्याशी जुळत नाही. तिथे फेल ठेवा. मॉड्यूल एरर देऊन थांबेल, निर्णय माणूस घेईल.

रात्रपाळी_ऑप्स

.पेम चा अंदाज बरोबर निघाला, आणि हँडलरचाही. त्या दोन मशिनवर पुढचा लॉगरोटेटचा टास्क पडला होता. सर्व्हरची सर्टिफिकेट आम्ही एक्स५०९_सर्टिफिकेट च्या ओनसीए (स्वतःच्या सीएची सही घेणाऱ्या) प्रोव्हायडरने काढतो, मुदत दिलेली नाही. त्यात काही अडचण? मुदत संपत आली की ते मॉड्यूल आपोआप नवं काढतं ना?

उत्तर : टीएलएस_तपासनीस

दोन्ही ठिकाणी अडचण आहे. मुदत दिली नाही तर ओनसीए_नॉट_आफ्टर +३६५० दिवस धरतं. अ‍ॅपलची उपकरणं १ जुलै २०१९ नंतर दिलेलं, ८२५ दिवसांपेक्षा लांब मुदतीचं सर्व्हर सर्टिफिकेट नाकारतात, खासगी सीएचंही. कचेरीत एक जरी मॅक असेल तरी तक्रार येणार. १८० दिवस किंवा त्याहून कमी द्या.

आणि नाही, आपोआप नूतनीकरण होत नाही. इग्नोर_टाइमस्टॅम्प्स मूळ स्थितीत चालू असतं, त्यामुळे मॉड्यूल तारखा तपासतच नाही. एक्स५०९_सर्टिफिकेट_इन्फो ला व्हॅलिड_अ‍ॅट मध्ये +३० दिवस विचारा. उत्तर "नाही" आलं तर पुढच्या टास्कला फोर्स द्या. हे प्लेबुक रोज क्रॉनने किंवा एडब्ल्यूएक्सच्या (अँसिबलचं वेब-पॅनल) वेळापत्रकाने चाललं पाहिजे. पपेट या अशाच साधनाचा एजंट मूळ मांडणीत दर ३० मिनिटांनी स्वतः येतो, अँसिबल कोणी चालवल्याशिवाय हलत नाही.

ओनसीए_नॉट_बिफोर मागे न्या, -१ तास पुरतो. ज्या मशिनचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे तिला ताजं सर्टिफिकेट "अजून वैध नाही" दिसतं. घड्याळ जुळवणारं क्रोनी तपासणं वेगळं, ते कराच.

सार्वजनिक सर्टिफिकेट असतील तर हे वेळापत्रक आजच बसवा. सीए/ब्राउझर फोरमच्या (सर्टिफिकेट देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या संस्थांचा मंच) २०२५ च्या निर्णयानुसार कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदतीची आठवण देणारे ईमेल जून २०२५ मध्ये बंद केले आहेत.

उत्तर : खिडकी_प्रशासक

विंडोजचा पासवर्ड निर्दोष आहे. विनआरएमच्या (विंडोज दुरून चालवायची सोय) साध्या नेटवर्क लॉगिनमध्ये पीएफएक्समधली खासगी की साठवण्यासाठी लागणारी ओळखपत्रं हजर नसतात, आणि एरर मात्र पासवर्डच्या नावाने येते. विन_सर्टिफिकेट_स्टोअर च्या टास्कला बिकम (दुसरा वापरकर्ता बनून चालवणं) लावा, रनअ‍ॅज पद्धतीने; किंवा ओळखपत्रं पुढे पाठवणारं क्रेडएसएसपी वापरा. स्टोअर_लोकेशन लोकलमशीन ठेवा. रूट "रूट" स्टोअरमध्ये, इंटरमीडिएट "सर्टिफिकेटअथॉरिटी" मध्ये, सर्व्हरचं "माय" मध्ये. डोमेनला जोडलेल्या मशिनवर रूट ग्रुप पॉलिसीनेच वाटा, त्यासाठी अँसिबल मध्ये आणू नका.

जुन्या रूटबद्दल: आधी नवा रूट सगळीकडे जुन्याच्या शेजारी बसवा, जुन्याला धक्का न लावता. प्रत्येक मशिनवर तो पोचल्याची खात्री झाली की मग सर्व्हरची सर्टिफिकेट नव्या रूटखाली काढा, सिरियल: [१, "१०%", "५०%"] अशा टप्प्यांनी. जुन्या रूटखालचं शेवटचं सर्टिफिकेट बदललं की जुना काढा. लॅपटॉपसारखी महिनोन्‌महिने बंद राहणारी मशिन असतील तर नव्या रूटच्या कीला जुन्या रूटची सही घेऊन ते क्रॉस-सर्टिफिकेट साखळीत पाठवा. जुना रूट वैध आहे तोवर ती मशिन अडत नाहीत. नव्या रूटचं नाव जुन्याहून वेगळं ठेवा. नाव एकच आणि की दोन, असं झालं तर काही जुन्या लायब्ररी साखळी जोडताना भलता रूट उचलतात.

काढताना फाइल यादीतून वगळणं पुरेसं नाही. अँसिबलला यादीत नसलेल्या फाइलशी देणंघेणं नसतं, ती मशिनवर तशीच राहते. स्टेट: अ‍ॅबसेंट चा स्वतंत्र टास्क लिहा, त्यानंतर उबुंटूवर अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स --फ्रेश आणि रॉकीवर अपडेट-सीए-ट्रस्ट. जावा_सर्ट ने घातलेला जुना रूट त्याच मॉड्यूलने, त्याच एलियसने (साठ्यातल्या नावाने) काढावा लागेल, म्हणून घालतानाच एलियसमध्ये वर्ष लिहून ठेवा.