गंधर्वनगरीतील दुकाने आणि त्यांच्या मागचे कारखाने : अनुभव धागा

धागाकर्ती

लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत एक बाजार हमखास असे. त्या बाजारात शिरलेला राजपुत्र वाट चुकून एखाद्या बोळाच्या टोकाशी येई, तेथे एक अंधारे दुकान असे, आणि दुकानाच्या मागच्या दालनात बसलेला म्हातारा कारागीर असे काही घडवीत असे की पाहणारा आपण कशासाठी घराबाहेर पडलो हेच विसरून जाई. अशी दुकाने केवळ गोष्टींतच असतात असे मला वाटत नाही. काही शहरे अजूनही अशा बाजारांभोवती उभी आहेत, आणि आपल्यापैकी कित्येकांनी त्या पायऱ्या चढलेल्या असणार.

अट एकच आहे. दुकान आणि कारखाना एकाच छपराखाली असावा, वस्तू आपल्या डोळ्यांसमोर घडताना पाहिलेली असावी आणि तरीही ती कशी घडली हे पुरते उमगलेले नसावे. निव्वळ खरेदीच्या आठवणी कृपया येथे लिहू नयेत. घासाघीस आणि फसवणूक यांवर बोलायला इतर जागा पुष्कळ आहेत.

तांबटआळीकर

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीच्या शेजारी माझे बालपण गेले, त्यामुळे हातोडीचा आवाज मला नवा नव्हता. तरीही मोरोक्कोतील फेस शहराच्या जुन्या भागात मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा काही काळ दिशाच कळेना. हा भाग युनेस्कोने 1981 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवला. आत मोटार जात नाही. माल गाढवांच्या आणि खेचरांच्या पाठीवरून येतो, आणि मागून ‘बालाक, बालाक’ अशी आरोळी आली की भिंतीला पाठ लावून उभे राहायचे असते. बोळ इतके अरुंद आहेत की दोन्ही भिंतींना एकाच वेळी हात लागतात.

अशा एका बोळातून मी अचानक सफारीन नावाच्या चौकात आलो. इसवी सन 859 मध्ये स्थापन झालेल्या करावीयीन विद्यापीठाचे ग्रंथालय या चौकालाच लागून आहे, आणि त्याच्या भिंतीबाहेर तांब्यापितळेचे कारागीर दिवसभर ठोकत बसलेले असतात. लग्नाच्या जेवणावळीसाठी लागणाऱ्या, माणूस आत बसेल एवढ्या देगा तेथे बनतात आणि भाड्यानेही मिळतात. ज्या दुकानापुढे मी थांबलो, तेथे एक वृद्ध गृहस्थ अशाच एका देगेचा काठ वळवीत होते. आमच्या आळीत मठारकाम, म्हणजे भांडी ठोकून घडवण्याचे काम, पाहिलेले असल्यामुळे ठोके पडले की तांबे कठीण होत जाते, मग ते तापवून पुन्हा मऊ करावे लागते आणि पुन्हा ठोकावे लागते, एवढे मला ठाऊक होते. परंतु तापवण्याची वेळ झाली हे त्यांना कशावरून कळत होते? ते पत्र्याकडे पाहतही नव्हते. शेजाऱ्याशी गप्पा चालू होत्या. आवाज किंचित बदलला की हात थांबत होता. त्यांच्या ठोक्यातला तो बदल मला अखेरपर्यंत ऐकू आला नाही, आणि तांबट आळीशेजारी वाढलेल्या माणसाला हे कबूल करणे जड जाते.

तेथील चामड्याच्या हौदांबद्दल सर्वच प्रवासी लिहितात, म्हणून थोडक्यात उरकतो. कातडी प्रथम चुन्याच्या आणि मग कबुतरांच्या विष्ठेच्या पाण्यात भिजवतात, दुकानदार नाकाशी धरायला पुदिन्याची काडी देतो, आणि ती पुरत नाही.

खर्जाची_तार

माझा अनुभव परदेशातला नाही, मिरजेचा आहे. पण धाग्याच्या अटीत तो तंतोतंत बसतो. सतारमेकर गल्लीत मी माझा तंबोरा जवारीसाठी, म्हणजे घोडी घासून आवाज खुला करून घेण्यासाठी, घेऊन गेले होते. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी ओसरली तेव्हा त्याच हातांनी संस्थानच्या आश्रयाने वाद्यांची दुरुस्ती आणि मग घडण सुरू केली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

दुकानाच्या दर्शनी भागात तयार वाद्ये होती. आत गेल्यावर मात्र छतापासून जमिनीपर्यंत भोपळेच भोपळे लटकलेले होते. हे खाण्याचे भोपळे नव्हेत. कडू जातीचे, जाड सालीचे हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमाकाठी पिकतात आणि शेतात वाळवूनच मिरजेला येतात. एका कोपऱ्यात कापण्याआधी मऊ पडावा म्हणून एक भोपळा पाण्यात बुडवून ठेवलेला होता. दुसऱ्याच्या कापलेल्या तोंडात आडव्या काड्या बसवून ते हवे तेवढे ताणून ठेवले होते. पलीकडे तुनाच्या लाकडाची दांडी रंधली जात होती.

उस्तादांनी माझ्या तंबोऱ्याच्या तारा सैल करून घोडी, म्हणजे तारा ज्या पट्टीवरून जातात ती, मोकळी केली आणि तिच्या पृष्ठभागावर कानस फिरवायला सुरुवात केली. एकदोन हात फिरवायचे, घोडी बसवायची, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा काढायची. तार घोडीच्या कडेवर टेकलेली नसते. त्या किंचित उतरत्या पृष्ठभागाला ती कंप पावताना घासत राहते आणि त्यातूनच वरचे स्वर उमटतात, हे मला पुस्तकातून माहीत होते. पण तो उतार डोळ्यांना दिसत नाही आणि बोटालाही लागत नाही. बराच वेळ मला कोरडा, बंद आवाजच ऐकू येत होता. शेवटी त्यांनी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा सरकवला आणि तो केसभर पुढेमागे केला. एका जागी तो पोहोचताच सगळी खोली भरून गेली. खर्जाच्या तारेतून गंधार स्पष्ट वाजू लागला, आणि तो स्वर तर कोणत्याच तारेला लावलेला नव्हता.

“आता हलवू नका बाई, गाडीत मांडीवर घेऊन बसा,” एवढेच ते म्हणाले.

मी विचारले की धागा नेमका कोठे थांबवायचा हे कसे ठरवता. त्यांनी शांतपणे धागा काढून टाकला, तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बसवा.” मी अर्धा तास प्रयत्न केला. मिरजेत 1937 नंतर दरवर्षी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणी होतात, त्या वेळी दूरदूरचे गवई याच गल्लीत आपली वाद्ये दाखवून घेतात. मग माझ्यासारखीला अर्ध्या तासात ते जमावे ही अपेक्षाच चमत्कारिक होती.

धागाकर्ती

खर्जाची_तार, याच वळणाचा एक प्रश्न. नवीन कृत्रिम घोडीवरही असाच आवाज निघतो का?

खर्जाची_तार

पूर्वी घोडीसाठी हस्तिदंत वापरत असत. आता हाड, शिंग, शिसवीसारखे लाकूड आणि कृत्रिम पदार्थही वापरतात. कृत्रिम घोडी जास्त दिवस टिकते आणि तिचा आवाज काहीसा काचेसारखा येतो. मला तो आवडत नाही, पण सतत प्रवास करणाऱ्या कलावंतांचे मत वेगळे असू शकते.

आडवाट

इस्तंबूलच्या छताखालच्या बाजाराबद्दल दोनच ओळी लिहिते, कारण तेथील दुकाने आता बहुतांशी प्रवाशांसाठीच आहेत. दुसऱ्या मेहमेदने शहर जिंकल्यानंतर काही वर्षांतच हा बाजार उभा राहू लागला. आज तेथे साठाहून अधिक गल्ल्या आणि सुमारे चार हजार दुकाने आहेत, आणि टोपी करणाऱ्यांच्या नावाच्या मुख्य रस्त्यावर टोपी सोडून सगळीकडे सोनेच सोने लखलखते. खरा कारखाना पाहायचा असेल तर बाजाराच्या कडेच्या जुन्या सरायांमध्ये दगडी जिने चढून वर जावे लागते. तेथे चांदी वितळवून साच्यात ओतताना मी पाहिली. दारात उभे राहण्यास कोणी हरकत घेतली नाही, चहाही मिळाला. गूढ मात्र काही वाटले नाही.

केवडा

कनौजला मी एका नातेवाइकांच्या लग्नानिमित्त गेलो होतो. सातव्या शतकातली हर्षवर्धनाची ही राजधानी आता एक लहान शहर आहे, पण वाऱ्याबरोबर कधी गुलाब तर कधी वाळा असा वास गल्लीगल्लीत येतो. आमच्या यजमानांनी मला एका अत्तराच्या दुकानात नेले. पुढे गादी, तक्के आणि काचेच्या कुप्या. मागचे दार उघडले की थेट भट्ट्या.

तांब्याच्या देगेत पाणी आणि पहाटे खुडलेली फुले भरलेली होती. झाकणाची फट कापूस आणि माती यांच्या लुकणाने बंद केलेली होती. देगेतून निघालेली बांबूची नळी, जिला ते चोंगा म्हणतात, दोरीने गुंडाळून खाली पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपका नावाच्या गोल भांड्यात उतरवली होती. भपक्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. वाफ थंड होते तेव्हा सुगंध त्या तेलात उतरतो. हे सारे शालेय रसायनशास्त्रच आहे आणि मला ते लगेच समजले.

समजले नाही ते पुढचे. तेथे तापमापक नव्हता, दाबमापकही नव्हता. भट्टीत शेण्या आणि लाकडे जळत होती. कारागीर अधूनमधून हौदात हात घालून भपक्याच्या गोल पोटाला तळवा लावी, क्षणभर थांबे, आणि मग एखादे लाकूड बाहेर ओढी किंवा ओल्या फडक्याने देग पुसून तिची उष्णता उतरवी. एवढ्यावर त्यांचा सगळा कारभार चालतो. आग जास्त झाली तर फुले करपतात आणि तोच वास तेलात कायमचा बसतो, म्हणजे चुकीला दुसरी संधी नाही.

पलीकडच्या देगेत फुलांऐवजी भाजलेल्या मातीचे तुकडे होते. कोरड्या भाजक्या मातीतून काढलेले ते अत्तर माझ्या मनगटावर लावले तेव्हा जूनमध्ये पावसाच्या पहिल्या सरीनंतर आमच्या सोलापूरच्या अंगणात येतो तोच वास आला. बाहेर मे महिन्याचे रणरणते ऊन होते, आणि मी मात्र उगाचच आकाशाकडे पाहिले. अत्तरात राहिलेला पाण्याचा अंश उडून जावा म्हणून ते चामड्याच्या कुप्यांत भरून उन्हात ठेवतात. त्या काळपट कुप्या पाहून त्यांच्या आत काय आहे याचा अंदाज कोणालाही येणार नाही.

भिंगरी

सावंतवाडीच्या गंजिफांचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, याचे आश्चर्य वाटते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे 120 गोल पत्ते असतात आणि प्रत्येक पत्ता हाताने रंगवलेला असतो. राजवाड्यात बसून चित्रकार हे काम करताना पाहायला मिळतात. कासवाच्या पाठीवरची नक्षी ब्रश न उचलता एका दमात पूर्ण होताना पाहिली, तेव्हा शेजारी उभी असलेली माझी मुलगी म्हणाली, “आई, ते आधीच कागदावर होतं का?”

मूस

वरचे सगळे अनुभव पाहुण्यांचे आहेत. मी अशा दुकानातच जन्मलो, म्हणून थोडी दुसरी बाजू लिहितो.

आमचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली हजारो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत कोणत्याही सराफ बाजारात जा, मागच्या गल्लीत एखादे मराठी बोलणारे गलाईचे दुकान सापडण्याचा संभव फार मोठा. आमचे कोइमतूरला आहे. दर्शनी भागात एक तराजू, एक कसोटीचा दगड आणि देव्हारा. गिऱ्हाइके म्हणजे सोनारच.

आप्पा मोडीचे सोने घेत आणि त्यात आधी चांदी मिसळत. शुद्ध करायच्या सोन्यात चांदी का घालतात, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारी. सोन्याचे प्रमाण जास्त असेल तर तेजाब आत शिरूच शकत नाही. म्हणून ते चौथ्या हिश्श्यावर आणावे लागते. तो रस पाण्यात ओतून दाणे करायचे आणि दाणे तेजाबात उकळायचे. पात्रातून नारिंगी-तपकिरी धूर उसळतो, चांदी आणि तांबे विरघळून दिसेनासे होतात आणि तळाशी उरतो तो विटकरी गाळ. कोणी दाखवल्याशिवाय त्याला सोने म्हणणार नाही. तो धुऊन, वाळवून, टाकणखारासह मुशीत घातला की मग मात्र त्याचा पिवळा डोळा उघडतो.

मला लहानपणी त्याच्या पुढचा भाग जास्त आवडे. उरलेल्या स्वच्छ पाण्यात आप्पा तांब्याच्या पट्ट्या सोडत. हळूहळू पट्ट्यांवर राखाडी कापूस धरू लागे आणि पाणी निळे होत जाई. तो कापूस म्हणजे चांदी. तांबे विरघळून तिची जागा घेते. आम्हा भावंडांची पैज लागे की कोणत्या पट्टीवर आधी धरेल.

धागाकर्ती

मूस, अप्रतिम. त्या धुराचा त्रास होत नसे का?

मूस

होत असे, म्हणून तर लिहायला बसलो. येथे सर्वांनी अद्भुत लिहिले आहे आणि ते खोटे नाही. पण तो नारिंगी धूर फुप्फुसांना जाळतो आणि आप्पांना चाळिशीतच खोकला लागला. त्या काळी खिडकी उघडणे एवढाच उपाय माहीत होता. आता धाकट्या भावाने धूर ओढून पाण्याच्या फवाऱ्यातून नेणारे यंत्र बसवले आहे, आणि निळे पाणीही आम्ही गटारात सोडत नाही. त्यातले तांबे लोखंडाच्या तुकड्यांवर उतरवून घेतो. जमिनीवरची धूळ तर कधीच फेकत नव्हतो. ती झाडून, साठवून झारेकऱ्याला विकली जाते आणि तो ती धुऊन त्यातले सोन्याचे कण काढतो. दुकानातली जुनी फरशी बदलली तेव्हा तिच्या सांध्यांतली मातीसुद्धा विकली गेली होती.

कोणी कोइमतूरला येणार असेल तर अवश्य कळवावे. मात्र सकाळी लवकर यावे, कारण दुपारनंतर आम्ही तेजाबाचे काम करत नाही.