हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं की रेडिएशन थांबवायचं?

लेकबाळी: आईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर. रेडिएशनचे २५ पैकी ११ शेक झाले, आठवड्याला एक सिस्प्लॅटिन (किमोचं औषध). सोमवारी हिमोग्लोबिन ९.१ आलं आणि मशीनवरूनच परत पाठवलं, आधी रक्त चढवून या म्हणे. तीन दिवस वाया. माझ्या मते नुसत्या आकड्यापायी शेक अडवणं चूक. पटत नसेल तर भांडा.

सलाईन: भांडतो. किरणांनी डीएनएला पाडलेली भगदाडं ऑक्सिजन असला तरच पक्की होतात, नाहीतर पेशी ती बुजवून मोकळ्या. १९९९ च्या कॅनडातल्या सहाशेवर रुग्णांच्या अभ्यासात उपचार चालू असताना हिमोग्लोबिन १२ च्या वर राहिलेल्या बायकांचा निकाल चांगला होता, रक्त देऊन वर आणलेल्यांचासुद्धा. दहाची रेघ उगाच नाही आखत.

कडूकिराईत: जुन्या फायली चाळून केलेला अभ्यास तो. गाठ मोठी असली की अंगावरून जास्त जातं, म्हणून हिमोग्लोबिन घसरतं. मग निकाल कशामुळे बिघडला, गाठीमुळे की आकड्यामुळे? त्यापेक्षा बाहेरचं रेडिएशन आणि ब्रॅकी (आतून द्यायचं रेडिएशन) मिळून आठ आठवड्यांत संपवणं महत्त्वाचं. एका पिशवीने साधारण १ ग्रॅम वाढतं, आणि ती शेकाच्या दिवशीही चढवता येते.

सलाईन: शेक चालू ठेवून रक्त द्या, एवढ्यापुरतं सहमत. रक्तच देऊ नका म्हणाल तर नाही.

चहाबाज: पिशव्यांच्या भानगडीत पडायचंच कशाला? किडनीवाल्यांना रक्त वाढवायचं इंजेक्शन देतात की!

कडूकिराईत: एरिथ्रोपोएटिन? अजिबात नको. ह्याच कॅन्सरमध्ये त्या इंजेक्शनने हिमोग्लोबिन १२ च्या वर ठेवून पाहिलं होतं. रक्ताच्या गुठळ्यांच्या काळजीने ती चाचणी मधेच बंद केली, २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. बरं करायच्या हेतूने किमो चालू असेल तर हे इंजेक्शन देत नाहीत.

वॉर्डातली: तुम्ही दोघं आकड्यावर भांडताय, मी पॅड मोजते. तासाला एक भिजत असेल तर पिशवी चढवून काय उपयोग, इकडून ओता तिकडून जातंय. तिथे आधी आतून पॅकिंग (रक्त दाबून धरायला योनीत गॉज भरणं) आणि डॉक्टरांना निरोप. आणि गंमत म्हणजे रक्त थांबवायला शेकच कामी येतो, अडवून बसलात तर थांबणार कसं? हळूहळू उतरत असेल तर लोह तपासा. कॅन्सरच्या दाहाने हेप्सिडिन (लोह अडवणारं हार्मोन) वाढतं, मग गोळीतलं लोह आतड्यातच अडतं. शिरेतून द्यावं लागतं.

सलाईन: फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) नॉर्मल आलं तर?

वॉर्डातली: दाहाने ते फुगतं, त्यावर भुलू नका. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातलं लोह वाहणारं प्रथिन किती भरलंय ते) २० टक्क्यांखाली आहे का ते बघा. क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) बघा. गाठीने मूत्रनलिका दाबली, नाहीतर सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडाला झळ बसली, तरी रक्त कमी बनतं.

लेकबाळी: आत्ता फाइल उघडून बसलेय. सीबीसी चार, क्रिएटिनिन दोन. लोहाचा एकही रिपोर्ट नाही. आणि आई म्हणते, दिवसाला सहा पॅड लागतात, पण तिला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा.