रामेनसाठी आडगावी जाणं म्हणजे ट्रिपचे दिवस वाया घालवणं?

शेवखमणी
काल एकांनी रामेनबद्दल, म्हणजे रश्शातल्या जपानी नूडल्सबद्दल, लिहिलं, "टोकियोत रांग लावून एक चांगलं रामेन खा आणि मोकळे व्हा. थंड रामेन, दूधवालं रामेन हे सगळं रीलवाल्यांचं खूळ, त्यासाठी गावोगाव फिरणारे ट्रिपचे दिवस वाया घालवतात." वाचून इतका राग आला की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. अहो, यामागाताचं थंड रामेन 1952 सालचं आहे! साकाएया नावाचं दुकान, तिथे एक गिऱ्हाईक म्हणालं की उन्हाळ्यात सोबा (कुट्टूच्या नूडल्स) थंड मिळतात मग रामेन का नाही, आणि मालक कामाला लागला. रस्सा गार केला की चरबी थिजून वर साय धरते, त्यावर तोडगा काढायलाच त्याला बराच काळ लागला. आणि यामागाताचा उन्हाळा म्हणजे काय, तर 1933 मध्ये तिथे 40.8 डिग्री झालं होतं, तो जपानचा विक्रम 2007 पर्यंत कुणी मोडला नाही. मी ऑगस्टात गेले होते, रश्शात बर्फाचे खडे तरंगत होते आणि आजूबाजूला सगळी ऑफिसातली माणसं मुकाट जेवत होती, एकाच्याही हातात फोन नव्हता. याला खूळ म्हणायचं?

पेठकर७२
ते मीच लिहिलंय आणि आजही तेच म्हणेन. तुम्ही एकट्या फिरता ताई, आम्ही आईला घेऊन जातो, तिचे गुडघे, तिची औषधं. सात दिवसांचा रेल्वे पास 29,650 येनवरून 2023 च्या ऑक्टोबरात एकदम 50,000 झाला. आयुष्यात एकदा जाणारा माणूस क्योतो सोडून एका रामेनसाठी यामागाताला जाणार का? आणि अननसाचं रामेन, व्हॅलेंटाइनला चॉकलेटचं रामेन, हे खूळ नाही तर काय आहे ते सांगा.

एमआयडीसीवाला
अननस आणि गावाचं रामेन एकाच तराजूत घालू नका हो. मी निइगाताकडे तीन वर्षं नोकरी केली. शेजारी त्सुबामे गाव, चमचे-काट्यांचे कारखाने. ओव्हरटाइम लागला की कारखान्यात रामेन मागवायचे, ते पोचेपर्यंत गार व्हायचं आणि नूडल्स फुगून लगदा व्हायच्या. म्हणून दुकानदारांनी नूडल्स जाड केल्या आणि वर डुकराच्या पाठीच्या चरबीचा थर टाकला, तो झाकणासारखा बसतो, खाली रस्सा कढत राहतो. मी स्वतः सेकंड शिफ्ट केलेला माणूस आहे, पहिल्यांदा ते खाल्लं तेव्हा कळलं की हे आपल्यासारख्यांसाठी बनलंय. टोकियोतही मिळतं आता, पण बाहेर बर्फ पडत असताना तिथे खाणं वेगळं.

मीठभाकर
तोयामा शहरातल्या 'तोयामा ब्लॅक' रामेनचं तसंच. 1945 च्या ऑगस्टात बॉम्बहल्ल्यात ते शहर जवळजवळ अख्खं जळलं, मग ते पुन्हा उभं करणाऱ्या मजुरांसाठी हे काळं, खारट रामेन निघालं. घाम गाळणाऱ्यांनी डब्यातल्या भाताबरोबर खायचं. आम्हाला हे माहीत नव्हतं, नुसतंच मागवलं, दोन घोटांत जीभ बधिर झाली, रस्सा सगळा टाकला.

शेवखमणी
टाकला? भात मागवायचा ना! एवढ्या लांब जायचं आणि पानात टाकून उठायचं, हे मला अजिबात पटत नाही. आमच्या आजीने दुष्काळ पाहिलेला, ताटात शीत राहिलं तरी उठू द्यायची नाही. मी कुठेही शेवटच्या थेंबापर्यंत पिते. रात्रभर तहान लागते, लागू दे.

मीठभाकर
आजीचे संस्कार आम्हालाही आहेत, ते आम्हाला शिकवू नका. माझ्या वडिलांना 58 व्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला, बीपी होतं आणि लोणचं-पापड सुटत नव्हतं. एका रामेनमध्ये पाच-सहा ग्रॅम मीठ सहज जातं, त्यातलं निम्म्याहून जास्त रश्शात. जपान सरकारच बायकांना दिवसाला साडेसहा ग्रॅमच्या आत राहा म्हणतं. रस्सा ठेवला तर तिथे कुणी काही बोलत नाही, शेजारचे जपानी आजोबाही ठेवून गेले.

एमआयडीसीवाला
हे खरंय, आमच्या फोरमनला डॉक्टरने रस्सा बंदच केला होता, तो फक्त नूडल्स ओढायचा. पण काही मालकांना लागतं हो मनाला. एका दुकानात (नाव लिहीत नाही) मी रस्सा ठेवला तर म्हाताऱ्याने येऊन विचारलं, काही चुकलं का? त्याचा चेहरा बघून मी उभ्याने सगळा प्यायलो.

पालेभाजी
तुमचं रस्सा प्यायचा की टाकायचा चाललंय, आम्ही शाकाहारींनी काय करायचं? भाज्यांचं रामेन म्हणून मागवलं, वर नुसती कोबी-मोड दिसत होती, अर्धं खाऊन झाल्यावर कळलं की खाली डुकराच्या हाडांचा रस्सा. मी रडले होते तिथे. शेवटी टोकियो स्टेशनात टीज तानतान नावाचं दुकान सापडलं, रामेन तिळाचं, मांस-मासे-अंडं काही नाही, चार दिवसांत तीनदा गेले. ते तिकिटाच्या गेटच्या आत आहे एवढं लक्षात ठेवा.

शेवखमणी
पालेभाजी ताई, हे लिहिलंत ते बरं केलं. मीठभाकर, वडिलांचं मला माहीत नव्हतं, तेवढ्यापुरते शब्द मागे घेते. तरी भात मागवायला हवा होता. वाकायामात तर टेबलावर उकडलेली अंडी आणि बांगड्याची दाबलेली सुशी ठेवलेलीच असते, हवी तेवढी घ्या, निघताना किती खाल्ली ते आपल्या तोंडाने सांगा. कोणत्या रामेनबरोबर काय खायचं हे त्या गावात जाऊनच कळतं, माझा पहिल्यापासून मुद्दा तोच आहे.

पेठकर७२
अननस-चॉकलेटवर मी मागे हटणार नाही. त्सुबामेचं मात्र पटलं, ते लिहिणारे ताई नव्हेत, एमआयडीसीवाले. नोव्हेंबरात आम्ही आइझुचा किल्ला बघायला जाणारच आहोत. तिथून किताकाता जवळ आहे म्हणतात, तिथे सकाळी-सकाळी रामेन खातात हे खरं आहे का? आई पहाटे पाचला उठून बसते आणि हॉटेलचा नाश्ता तिला चालत नाही.

एमआयडीसीवाला
अगदी खरं. काही दुकानं सातला उघडतात. आइझु-वाकामात्सुहून बानएत्सु वेस्ट लाइनने वीसेक मिनिटं, पण सकाळच्या गाड्या मोजक्याच, तेव्हा आदल्या रात्री किताकातालाच मुक्काम करा. नूडल्स चपट्या, जाड, मऊ असतात, दातांना त्रास नाही. रस्सा शोयुचा (सोया सॉसचा), हलका.

मीठभाकर
हलका दिसला तरी मीठ असतंच. आईंना बीपी असेल तर आधी अर्धा रस्सा तुमच्या वाटीत काढून घ्या.