शब्दचर्चा : जखम भरून येते, मग दात का भरावा लागतो?

खाडीकाठ :
परवा आईने तिसऱ्यांचं सुकं केलेलं, त्यात शिंपल्याचा बारीक तुकडा राहिला होता, तो कच्चकन् दाताखाली आला नि दाढेचा टवकाच उडाला. रत्नागिरीत डॉक्टरकडे गेलो, ते म्हणाले एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, गेलंय, परत येत नाही, भरून घ्या. घरी आई म्हणते, "एवढासा टवका, येईल भरून." तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की जखम भरून येते पण दात भरावा लागतो, असं का? आणि एनॅमलला मराठीत काय म्हणायचं?

तिरफळ :
दंतवल्क. वल्क म्हणजे झाडाची साल, वल्कलं त्यातलीच. पण मला हा शब्द पटत नाही. साल जिवंत झाडाची, खरवडली तरी कडेकडेने परत धरते. एनॅमलमध्ये एकही जिवंत पेशी नाही, वजनाने जवळजवळ ९६ टक्के नुसतं खनिज. काहीजण मुलामा लिहितात, ते तर आणखीच चूक, मुलामा म्हटला की भांड्याच्या कल्हईसारखा पुन्हा करून घेता येईल असं वाटतं.

चिरेबंदी :
भाची बीडीएस करतेय, तिने सांगितलं ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. स्लॅब टाकताना आधी सेंट्रिंग लावतात ना, तसं दात हिरडीच्या आत तयार होत असताना अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी आधी प्रोटीन सोडतात, त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास एकटं अमेलोजेनिन, त्याच्या आधाराने कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक लांबच लांब काड्यांसारखे एका दिशेने वाढतात, आणि मग एन्झाइम येऊन ते प्रोटीन तोडून काढतात नि मोकळ्या जागेत खनिज भरत जातं. सेंट्रिंग नीट निघालं नाही तर एनॅमल मऊ नि पिवळट राहतं, काही घराण्यांत तसा जन्मजात आजारच असतो. दात हिरडीबाहेर येईपर्यंत त्या पेशीही संपतात. म्हणजे सेंट्रिंग गेलं, गवंडीही गेले, आता टवका भरणार कोण? 'भरून येणं' हे जिथे आत गवंडी शिल्लक आहेत तिथलंच क्रियापद.

तिरफळ :
मग आमच्या माडावरचे उंदीर नारळ पोखरतात, त्यांचे दात झिजून कसे जात नाहीत?

चिरेबंदी :
झिजतात की. पण उंदराच्या पुढच्या दातांच्या मुळाशी त्या पेशी जन्मभर कामावर असतात, दात खालून वाढतच राहतो. शिवाय त्या दातांना एनॅमल फक्त पुढच्या बाजूने, मागची बाजू लवकर झिजते, त्यामुळे धार आपोआप लागते. आपण 'पटाशीचे दात' म्हणतो ना, सुताराच्या पटाशीवरून, तर खरी पटाशी उंदराकडेच.

सोलकढी :
आमच्याकडे कैरी खाल्ली की 'दात आंबले' म्हणतत, तां काय? तेव्हा पण एनॅमल जाता?

तिरफळ :
आंबणं ही जाणीव, थोड्या वेळाने जाते. पण आंबटाने एनॅमलमधलं खनिज सुटायला लागतं हे खरं, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की. मग लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट परत येऊन बसतं, फ्लोराइड असेल तर जास्त चांगलं. जाहिरातवाले 'एनॅमल परत आणा' म्हणतात ते एवढंच. पुस्तकी शब्द पुनर्खनिजीकरण, जीभ अडखळते पण अर्थाला चोख आहे, नवीन उगवत नाही, होतं त्याचीच डागडुजी. त्याला पुनर्निर्मिती म्हणू नका प्लीज. तो शब्द वेगळ्या कामासाठी राखून ठेवायला हवा, २०२५ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या लोकांनी अमेलोजेनिनची नक्कल करणारं प्रोटीनचं जेल केलं, ते दातावर लावलं की त्याच्या आधाराने स्फटिक पुन्हा तसेच रांगेत वाढतात. म्हणजे गवंडी नाहीत, पण सेंट्रिंग बाहेरून आणून लावलं.

चिरेबंदी :
भाड्याचं सेंट्रिंग! पण प्रयोग काढलेल्या दातांवर झालेत बरं का, खाडीकाठ तुम्ही त्याची वाट बघत बसू नका.

खाडीकाठ :
नाही बसत, सोमवारी भरून घेतोय. आईला उंदराचं सगळं वाचून दाखवलं, दंतवल्क वगैरे तिने ऐकून सोडून दिलं. म्हणाली, "म्हणजे मेल्यांचे दात कधी बोथट व्हायचेच नाहीत, तू आधी माडांना पत्रे मारून घे."