मदत हवी आहे: मॉडेल ५५ हर्ट्झ म्हणतंय, मग ९९० आरपीएमला फॅन इतका का हलतो?

धागाकर्ता (बुटीबोरी)

बॉयलरचा आयडी (धूर ओढून घेणारा) फॅन आहे. बेअरिंगमधलं अंतर २४०० मिमी, शाफ्ट १६० मिमी व्यासाचा, मधोमध ६५० किलोचा इंपेलर (पात्यांचं चाक), दोन्हीकडे २२२२८ स्फेरिकल रोलर बेअरिंग. बॅलन्सिंग झालंय, तरी हाउसिंगवर आडवं कंपन ९ मिमी प्रति सेकंद आणि उभं ३. जवळपास सगळं वन-एक्सलाच, म्हणजे फिरण्याच्या वेगालाच.

अ‍ॅन्सिसमध्ये (ताण-कंपन काढायचं सॉफ्टवेअर) सॉलिड शाफ्ट घेऊन बेअरिंगच्या जागी फिक्स्ड सपोर्ट (टोक पूर्ण जखडलेलं) दिला, तर पहिली नैसर्गिक वारंवारता ५५ हर्ट्झ येते. फॅनचा वेग १६.५ हर्ट्झ, मग रेझोनन्स (वेग नैसर्गिक वारंवारतेशी जुळून कंपन वाढणं) कुठला?

दुसरं असं, की इंपेलर बसतो तिथे शाफ्ट १८० चा होतो. त्या पायरीच्या कोपऱ्यात मेश (मॉडेलचे तुकडे पाडणारी जाळी) ८, ४, २ मिमी करत गेलो तर ताण १८, २५, ३४ एमपीए असा चढतच जातो. कोणता आकडा धरायचा?

कंपनमापक

घोळ फिक्स्ड सपोर्टमध्ये आहे. स्फेरिकल बेअरिंग शाफ्टला तिरपं व्हायला मोकळीक देतं, तुम्ही ती काढून घेतली आणि शाफ्ट चौपट ताठ केला. हातानेच पडताळा: टोकं पिन (तिरपी व्हायला मोकळी) धरून मधला ताठपणा ४८ ईआय भागिले एल घन (ईआय म्हणजे शाफ्टचा वाकण्याला विरोध, एल म्हणजे बेअरिंगमधलं अंतर), म्हणजे २३.५ किलोन्यूटन प्रति मिमी. वस्तुमान ६५० अधिक शाफ्टच्या ३७९ किलोंपैकी १८४. उत्तर २६.७ हर्ट्झ. (१८० ची जाडी आणि पेडेस्टलचं, म्हणजे बेअरिंगखालच्या टेकूचं, वजन सोडून दिलंय, हिशोब ढोबळ आहे.)

आता पेडेस्टल. प्रत्येकाचा आडवा ताठपणा १० किलोन्यूटन प्रति मिमी धरला तर २६.७ चे १८.१ हर्ट्झ होतात. १५ धरला तर २०. म्हणजे शाफ्ट तोच, पण टेकूमुळे तो रेझोनन्सच्या दारात येऊन उभा राहतो. हाउसिंगचं कंपनही या दोन आकड्यांत जवळपास तिप्पट बदलतं. तुमचे ९ आणि ३ पाहून मला हाच संशय आहे.

मॉडेलमध्ये फिक्स्ड सपोर्ट काढून बेअरिंग जोडणी द्या, आडव्या-उभ्या दिशेचे ताठपणे वेगळे टाका. इंपेलर पॉइंट मास (एका बिंदूवरचं वजन) म्हणून, जडत्वासकट. इंपेलर मधोमध असल्यामुळे पहिल्या मोडवर (कंपनाच्या पहिल्या आकारावर) जायरोस्कोपिक परिणाम, म्हणजे फिरत्या चाकाचा तिरपं होण्याला विरोध, नगण्य. ओव्हरहंग (बेअरिंगच्या बाहेर लटकता) असता तर मात्र मॉडेलमधल्या कोरिऑलिस पर्यायाशिवाय (जो हा परिणाम धरतो) उत्तर चुकलं असतं. हार्मोनिकमध्ये (वेगवेगळ्या वारंवारतांना प्रतिसाद काढताना) एक ठराविक बल देऊ नका, असंतुलनाचं बल वेगाच्या वर्गाने वाढतं. जी ६.३ या बॅलन्सिंग ग्रेडला १०३० किलोच्या रोटरचं शिल्लक असंतुलन सुमारे ६२,५०० ग्रॅम-मिमी, आणि ९९० ला बल ६७० न्यूटनच्या आसपास.

बंप टेस्ट (ठोका मारून नैसर्गिक वारंवारता मोजणं) करून बघा: फॅन बंद, आडव्या दिशेला अ‍ॅक्सेलरोमीटर, लाकडी मोगरीचे पाच ठोके, कमाल वारंवारता १०० हर्ट्झ, ८०० रेषा. शेजारचा फॅन चालू असेल तर त्याचंही शिखर दिसेल, फसू नका. कोस्ट-डाउनमध्ये (फॅन बंद करून आपोआप थांबताना मोजलं तर) शिखर दिसणार नाही, कारण ते चालू वेगाच्या वर आहे. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर ८०० आरपीएमला रीडिंग घ्या. ९ चे साधारण २ झाले तर १८ हर्ट्झचा संशय पक्का. ४ च्या आसपास राहिले तर टेकू ठीक आहे.

जाळीकाम

ताणाचं उत्तर: काटकोनी कोपऱ्यात तो आकडा कधीच थांबणार नाही. प्रत्येक वेळी एलिमेंट अर्धा केला की १.३७ पट वाढतो, तुमचे तिन्ही आकडे त्याच प्रमाणात आहेत. ती सिंग्युलॅरिटी (गणितात अनंताकडे जाणारी जागा) आहे, शाफ्टमधला खरा ताण नव्हे. ड्रॉइंगमधली फिलेट (कोपऱ्याची गोलाई) मॉडेलमध्ये घ्या. ३ मिमी त्रिज्या असेल तर चापावर किमान सहा एलिमेंट, म्हणजे ०.८ मिमी. पुढच्या मेशला फरक ५ टक्क्यांच्या आत आला की थांबा. स्वतःच्या वजनाचा वाकण्याचा ताण १२ एमपीए आहे, कोपऱ्यात २५ ते २८ ची अपेक्षा ठेवा. हा ताण दर फेरीला उलटतो, तेव्हा फटिगला (वारंवार ताणाने येणाऱ्या थकव्याला) तोच धरा, यील्डशी (कायमचं वाकण्याच्या मर्यादेशी) तुलना करू नका. चावीच्या खाचेचा शेवट मात्र आणखी वाईट असतो, तिथेही तेवढीच बारीक मेश द्या.

धागाकर्ता (बुटीबोरी)

बंप टेस्ट केली. आडवं १८ हर्ट्झ, उभं २०. पिन टोकं आणि स्प्रिंग दिल्यावर मॉडेलही तिथेच येतं. आता आडवा ताठपणा १५ वर कसा न्यायचा?

कंपनमापक

प्लेटी वेल्ड करायच्या आधी ढिलाई कुठे आहे ते शोधा. हाउसिंग, पेडेस्टल, बेसफ्रेम, काँक्रीट या क्रमाने एकाच रेषेत आडवं कंपन मोजा. कुठल्याही सांध्यापाशी आकडा एकदम निम्म्यावर आला, तर तिथे दोन भाग धरलेले नाहीत. बेसफ्रेम हातोडीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर खालचं ग्राउट (फ्रेम आणि काँक्रीटमधला भराव) गेलंय. फ्रेममध्ये भोक पाडून एपॉक्सी भरा, मग बोल्ट टॉर्क करा. पेडेस्टलच्या बाजूला त्रिकोणी गसेट (आधाराच्या प्लेटी) लावायचे तर त्यानंतर.

पायाभरणी

बुटीबोरी-नागपूरकडे पाया काळ्या मातीतच थांबला असेल तर गसेटने काही होणार नाही. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एक मोजणी मे महिन्यात आणि एक ऑगस्टमध्ये, त्याच जागेवर करा. आडवी वारंवारता ऋतूप्रमाणे सरकत असेल तर पाया मुरमापर्यंत गेलाय का, ते खोदून बघावं लागेल.